मधलं काप

माझ्या भावानं स्वतःच्या आवाजात मला जे शेवटचं सांगितलं, त्यावर मी त्याला म्हणाले, "लांबलंय. मधलं काप."

या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी हे वाक्य मनात म्हणून बघते आहे. दर वेळी वाटतं, हे मी बोललेच नाही, दुसरीच कुणी बाई बोलली. पण मीच बोलले. हातात मेथीची काडी होती, तीसुद्धा मला आठवते.

माझा भाऊ म्हणजे रणजीत कणसे. नुसतं नाव सांगितलं तर लोक विचारात पडतात. रुसूमामा म्हटलं की लगेच, "अय्या, ते तुमचे भाऊ?" नऊ वर्षं टीव्हीवर त्यानं हा मामा केला. लिहायचा तोच, करायचाही तोच. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, रुसूमामा उशिरा येणार, मांडवात उभा राहून सगळी तयारी झालेली बघणार, डोक्यावरचा फेटा जमिनीवर आपटणार आणि चिरक्या, फाटक्या आवाजात ओरडणार, "मला कुणी विचारलंच नाही!" जुईनगरला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तरी मागून कुणीतरी हे ओरडतंच.

पण तो मामाचा आवाज. रणजीतचा स्वतःचा आवाज वेगळा होता. जाडसर, संथ, वाक्याच्या शेवटी जरासा खाली बसणारा. आमच्या वडिलांसारखा.

वडील शहाजी कणसे, पाटण तालुक्यातले. मस्जिद बंदरला माथाडी होते, पाठीवर पोती वाहायचे. आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि रणजीत चार. वडील पहाटे जायचे, ते दिवस मावळताना यायचे. त्यामुळे त्याला खाऊ घालणं, न्हाऊ घालणं आणि धोपटणं ही तिन्ही खाती माझ्याकडे.

तो दुसरीत असताना एकदा अकरा वाजताच घरी आला. मी लाटणं हातात घेऊन दारात उभी. म्हटलं, "शाळा?"

"सुटली."

"का सुटली?"

तर म्हणाला, "अक्का, शाळेपुढं मिरचीची हातगाडी उलटली. पोतं फुटलं. आधी पहिलीचा वर्ग शिंकला, मग दुसरीचा, मग मोठे गुरुजी. गुरुजींना घंटा वाजवायची होती, पण शिंका थांबेनात, म्हणून त्यांनी हातानंच जा जा केलं."

मी ते खरं मानलं. त्याच्या डोळ्यांत पाणी घालून डोळे धुतले, वर गुळाचा खडा दिला. संध्याकाळी शेजारची बाई म्हणाली, कसली मिरची नि कसलं काय! मला राग यायला हवा होता. पण त्या मोठ्या गुरुजींचं हातानं जा जा करणं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी हसत बसले. मग त्याला जवळ बसवून सांगितलं, "खोटं बोललास तर मला पटेल असं बोल. पटलं तर मार नाही. नाही पटलं तर लाटणं. आणि एक. 'खरंच सांगतो, शपथ' असलं काही म्हणालास की मी समजणार, खोटं आहे."

मी सतरा-अठरा वर्षांची पोर. आपण काय बोलून ठेवतो आहोत हे मला कुठं कळत होतं?

पुढं मार्केट वाशीला आलं आणि आम्हीही खाडी ओलांडून आलो. कोपरखैरण्याला खोली मिळाली. मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते. रणजीत कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर वजनं टिपून घ्यायला लागला. कोरे कागद मिळायचे नाहीत, म्हणून वापरलेल्या चिठ्ठ्यांच्या मागं लिहायचा. आधी चाळीच्या गणपतीत, मग कामगारांच्या नाट्यस्पर्धांत, मग रेडिओवर. टीव्हीवर बारा-तेरा वर्षं नुसता लेखक होता. शेवटी त्याचं नाव यायचं ते इतक्या वेगानं, की मी चष्मा नाकावर चढवेपर्यंत निघून जायचं. मग एकदा एका नटाला कांजिण्या आल्या. सेट लागलेला, शूटिंग थांबवता येईना. रणजीतनं त्याचा फेटा बांधला आणि उभा राहिला. तो रुसूमामा.

या सगळ्या वर्षांत आमची पद्धत बदलली नाही. काही नवीन सुचलं, की लिहिण्याआधी तो मला फोन करायचा. आधी शाळेच्या ऑफिसात, मग घरी, मग मोबाइलवर. सुरुवात ठरलेली, "हॅलो अक्का, कामात आहेस?" आणि मग सरळ, साध्या आवाजात, आपल्यावरच ओढवलंय असं सगळं सांगायचा. हे नाटुकलं आहे असं कधी म्हणायचा नाही. शेवटी फक्त विचारायचा, "पटलं?" माझे निकाल तीनच. पटलं. लांबलंय. शेवट नाही. मी फसले तर तो खूश. नाही फसले तर वाद घालायचा. एक ओळ काप म्हटलं तर अर्धा तास भांडायचा. "तू मास्तरीण, तुला सगळं फळ्यावर मावलं पाहिजे," असं म्हणायचा. पण कापायचा.

एकदा त्यानं फोन केला, "अक्का, मी तुर्भ्याच्या चौकीत बसलोय. शूटिंगला मामाच्या वेशातच स्कूटरवर निघालो होतो. हवालदार म्हणतो, लायसनवरच्या माणसाला मिशा नाहीत."

मी रेशनकार्ड घेतलं, त्याचा लग्नातला फोटो घेतला, पोळीभाजीचा डबा घेतला आणि चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "बाई, इथं कुणी मामा नाही. भाचा पण नाही." बाहेर येऊन फोन लावला तर हा हसून हसून बेजार. तेच नाटुकलं पुढं सगळ्यात गाजलं. त्यातली डबा घेऊन आलेली बहीण म्हणजे मी.

त्या दिवशी मी संतापले. त्याला म्हटलं, "आता बस. यापुढं मी फसायची नाही. तू मेलास तरी दाखला बघितल्याशिवाय मी रडणार नाही."

"बघ हां," तो म्हणाला.

आणि मी खरोखरच सावध झाले. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याला मला एकदाही फसवता आलं नाही. बायको, नंदिनी, फ्रिज घेऊन माहेरी गेली म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "सिंगल डोअर का डबल डोअर?" तो म्हणाला, "अक्का, तू फार बदललीस." मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा. मैत्रिणींना सांगायचे.

यंदा फाल्गुनात माझी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा तो दवाखान्यात रोज यायचा. आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "मामाला जरा सुट्टी दे." तो म्हणाला, "उलट मागणी वाढलीये, अक्का. चॅनलवाले म्हणतात, हा आवाज जास्त मस्त, फाटका." मीही म्हटलं, खरंच की, मामाला शोभतो. घशात अडकल्यासारखा खोकायचा. मी लवंग देत होते. लवंग!

आता तो फोन सांगते.

मंगळवारची दुपार, साडेतीन वाजले असतील. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होते. फोन स्पीकरवर टाकून पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला.

"हॅलो अक्का, कामात आहेस?"

"मेथी निवडतेय. बोल तू, ऐकतेय."

"अक्का, उद्या सकाळी आठनंतर मला बोलता येणार नाही."

"का रे, मौनव्रत?"

"गळ्याचं ऑपरेशन आहे. आवाजाची पेटी आहे ना, ती सगळीच काढून टाकणार. मग गळ्याला इथं खाली एक भोक ठेवतात. त्यातनं श्वास घ्यायचा."

मला वाटलं, विषय नवा आहे. मी म्हटलं, "आणि मामा बोलणार कुठून?"

तो म्हणाला, "मामाला कुणी विचारलंच नाही."

मी हसले. मोठ्यानं हसले. तोही हसला आणि मग खोकला. मला तो खोकलासुद्धा बेतलेला वाटला. मनात म्हटलं, वा, खोकला छान टाकलाय.

मग मधलं आलं. ते लांब होतं. दहा मिनिटं असेल, बारा असेल. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं सगळे म्हणतात. मस्जिद बंदरच्या खोलीशेजारच्या दाराचा रंग मी सांगू शकते. तीस वर्षांपूर्वीच्या चौथी ब ची हजेरी ओळीनं म्हणून दाखवते. आणि या दहा मिनिटांतलं मला किती आठवतं? त्याला गोवर आला होता तेव्हाचं काहीतरी. मी विणलेल्या हिरव्या स्वेटरचं काहीतरी. आणि एक वाक्य, "त्या बस स्टॉपवर तू मला जे म्हणालीस ना, अक्का, ते मी कधी विसरलो नाही." कुठला बस स्टॉप? मी काय म्हणाले होते? पुढं तो ते सांगतही होता. पण मी ऐकत नव्हते. मी शेवटाची वाट बघत होते. फसायचं नाही म्हणून मी कान असे तयार केले होते, की इथपासून इथपर्यंत जाईल, हे राहील, ही ओळ वर घ्यावी, एवढंच त्यांना ऐकू यायचं.

शेवटी तो म्हणाला, "तर सकाळपासून विचार करत होतो, शेवटचं बोलावं कुणाशी. म्हटलं, पहिलं जिच्याशी बोललो तिच्याशी. पटलं?"

मी मेथीची काडी मोडली आणि म्हटलं, "सुरुवात चांगली आहे. मामाचं वाक्य ठेव, ते जमलंय. पण लांबलंय, रणजीत. मधलं काप. सगळं मधलं काप. आणि शेवट नाही."

मग तो म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं. जो माणूस एका ओळीसाठी अर्धा तास भांडायचा, तो 'सगळं मधलं काप' यावर बरं म्हणाला. माझ्या तिथंच लक्षात यायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि मेथीच्या जुड्या किती राहिल्या ते बघितलं.

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मैत्रीचा फोन आला. मैत्री म्हणजे रणजीतची मुलगी.

"आत्या, तू निघालीस ना? बाबांना आठला आत घेतील. तिसऱ्या मजल्यावर ये, लिफ्ट उजवीकडे आहे."

"कुठं आत?"

"ऑपरेशनला, आत्या. बाबा म्हणाले, काल तुला सगळं सांगितलं."

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. ओटा धरला तो गार लागला एवढं आठवतं. "सांगितलं. होय. सांगितलं," असं काहीतरी म्हणाले असेन. मग विचारलं, "त्याला फोन देतेस?"

"त्यांना कपडे बदलायला आत नेलंय गं. नंबर पुढं आलाय, लवकर घेतील बहुतेक. तू ये ना लवकर."

मी घरातल्याच साडीवर निघाले. सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा मिळाली. बेलापूरचं हॉस्पिटल म्हटलं आणि जेवढ्या लवकर नेता येईल तेवढं ने म्हटलं. मला फक्त एवढंच हवं होतं, त्याला आत न्यायच्या आधी त्याच्या समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, पटलं रे. आणि तो जे काही बोलेल ते ऐकायचं. चार शब्द बोलला असता तरी चाललं असतं. आवाज तोच हवा होता.

उरण फाट्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग होती. रिक्षा दोन गाड्यांच्या मधे अडकली. तेवढ्यात रिक्षावाल्याचा मोबाइल वाजला.

"मला कुणी विचारलंच नाही! मला कुणी विचारलंच नाही!"

माझ्या तोंडातून किंकाळीच निघाली असणार, कारण त्यानं दचकून मागं बघितलं. "काय झालं, मावशी?"

"तो बंद कर. बंद कर तो."

"रिंगटोन आहे, मावशी. रुसूमामा. तुमी बघत नाय का?"

मी म्हटलं, "बघते." दुसरं काय सांगणार होते?

मी तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याला पावणेआठलाच आत नेलं होतं. दोन फळ्यांचं दार होतं, गोल काचांचं. काचेतून आत दुसरं एक तसंच दार दिसत होतं.

नंदिनीनं मला खुर्चीत बसवलं. आमची नंदिनी शांत बाई आहे. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "अक्का, तुमच्या हृदयाचं नुकतंच झालेलं, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं नाही. महिना झाला कळून. मी रोज म्हणायची, सांगा, सांगा. तर म्हणायचे, मीच सांगतो, अक्काला कसं सांगायचं ते मलाच जमतं."

"काल काय म्हणाला तो? माझ्याशी बोलून झाल्यावर?"

"मी विचारलं, रडल्या का? तर म्हणाले, नाही, मधलं काप म्हणाली." ती जरा हसली. "मला वाटलं, तुमचं दोघांचं नेहमीचंच. एवढ्या प्रसंगातही तुम्ही त्यांना हसवलंत. मी मैत्रीला म्हटलं, बघ, अक्का किती खंबीर आहेत."

मी तिला खरं सांगितलं नाही. त्या क्षणी नाही.

ऑपरेशन सात तास चाललं. चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. पुढं कधीतरी एक छोटी झडप बसवता येते, सरावानं बोलता येतं, पण आवाज वेगळा असेल, घोगरा, आधीसारखा नाही. त्यांनी हे नीट समजावून सांगितलं. नंदिनी मान हलवत होती. मी विचारलं, "म्हणजे तो आवाज संपला?" ते म्हणाले, "हो, आजी."

बाहेर बसले असताना मी मैत्रीला म्हटलं, "तुझ्या फोनमध्ये बाबांचा आवाज आहे का बघ. मामाचा नाही. बाबांचा." तिनं खूप शोधलं. मोबाइलवर रुसूमामाचे शेकडो भाग होते. घरातले व्हिडिओ होते, त्यात तो वाढदिवसाला मामाच्या आवाजात गातोय, दिवाळे गावच्या जेट्टीवर कोळणीच्या आवाजात मैत्रीला हाका मारतोय, बँकेतल्या मॅनेजरची नक्कल करतोय. मुलाखतींतही लोक म्हणायचे, मामाच्या आवाजात बोला ना, आणि तो बोलायचा. मैत्री बोट फिरवत राहिली. मग तिचं बोट थांबलं आणि तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो आवाजावर जगला, आणि त्याचा साधा आवाज कुठंच नव्हता. तो फक्त मला फोन करताना वापरायचा.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर मेथी होती, निवडलेली, पिवळी पडत चाललेली.

पहिले काही दिवस त्याला भेटू देत नव्हते, काचेतूनच बघायचं. आज सकाळी मला आत सोडलं. जाताना मी पाटी घेऊन गेले. शाळेतून निवृत्त होताना मुलींनी मला दगडी पाटी आणि पेन्सिलींचा डबा दिला होता, तोच.

तो टेकून बसला होता. नाकात नळी, गळ्याला खाली पांढरी पट्टी आणि मधोमध ती दुसरी नळी. श्वास तिथून येत होता, बारीक शिट्टीसारखा. मला बघून त्यानं भुवया उडवल्या. मामासाठी वाढवलेल्या मिशा काढलेल्या होत्या. ओठाची वरची बाजू लहानपणी होती तशीच दिसली.

मी पाटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात म्हटलं, "रणजीत, मला ते खरं वाटलंच नाही. मला वाटलं, तू नेहमीसारखं नाटुकलं सांगतोयस. मी चुकले. मी ते मधलं ऐकलंच नाही रे. गोवराचं काय म्हणालास? आणि बस स्टॉपवर मी तुला काय म्हणाले होते? ते मधलं मला परत सांग."

त्यानं पेन्सिल घेतली. एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"कापलं."

मी त्या शब्दाकडे बघत राहिले. मग वर बघितलं तर त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, श्वास अडकला. मी "सिस्टर, सिस्टर" करून ओरडले. सिस्टर धावत आल्या, त्यांनी गळ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, काही नाही. हसतायत ते."

हसत होता. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही. ज्याच्या हसण्यावर अख्खी चाळ जागी व्हायची तो असा हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. हसूही आलं. दोन्ही एकदम आलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

"हसायचं नाही," मी म्हटलं. "यात हसण्यासारखं काहीही नाही. मी तुझ्या शेवटच्या बोलण्यावर निकाल दिला रे. तू मला सांगायचंस तरी, अक्का, हे खरं आहे म्हणून."

तो थांबला. पाटी ओल्या कापसानं पुसली. सावकाश लिहिलं. "खरंच म्हणायची सोय नव्हती. तूच बंद केलीस. मिरचीच्या वेळी."

मी खाली बसले. छप्पन वर्षं झाली त्याला. ते मी एकदा, लाटणं हातात धरून, सात वर्षांच्या पोराला सांगितलं होतं. आणि त्यानं ते शेवटपर्यंत पाळलं.

त्यानं पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. अक्षर वाकडं येत होतं, म्हणून मी पाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"चूक तुझी नाही. नाही पटलं, म्हणजे मी कमी पडलो."

मग पुसून लिहिलं, "जन्मभर खोटं पटवलं. खरं सांगायची वेळ आली तर लांबलं."

मला रडू येत होतं, पण मी रडले नाही. हृदयाच्या डॉक्टरनं नको म्हटलं आहे, आणि त्याला ते आवडलंही नसतं. मी पदरानं पाटी पुसली. कोरी करून त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, "परत सांग. पहिल्यापासून. मला सगळं हवंय, मधलंसुद्धा. तू लिही, मी मोठ्यानं वाचते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच बघितलं, जसा तो फोनवर गप्प झाल्यावर पलीकडे बघत असेल असं मला नेहमी वाटायचं. सिस्टर म्हणाल्या, "दहा मिनिटंच हं, आजी." मी मान हलवली.

त्यानं पेन्सिलीचं टोक नीट केलं आणि लिहायला लागला. पाटी लहान, पहिलीच ओळ दोन ओळींत गेली. मी चष्मा पुसला आणि वाचली. माझ्याच आवाजात, माझा म्हाताऱ्या बाईचा आवाज, तरी जमेल तेवढा संथ, शेवटाला जरा खाली बसवून.

"हॅलो अक्का, कामात आहेस?"

मी पाटी पुसली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "नाही रे. सांग."